सूज उतरायची एवढी घाई कशाला?

हाड मोडलेल्या माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं काय विचारतो, तर सूज उतरली का? जशी काय सूज हाच आजार. खरं तर हाड जुळायचं काम तिच्यापासूनच सुरू होतं.

मोडल्या जागी रक्त साकळतं, तिथे आधी न्यूट्रोफिल्स नावाच्या पांढऱ्या पेशी पोचतात, मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी. हे मॅक्रोफेज सुरुवातीला एकदम भांडखोर, मेलेल्या पेशी खातात, सूज वाढवतात, बाकीच्या पेशींना बोलावून घेतात, आणि मग काही दिवसांत त्यांचा नूरच पालटतो, दुरुस्तीला लागतात. हा भांडखोर टप्पा आलाच नाही तर पुढचं मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोकं सांधणारा कच्चा जोड, नीट धरत नाही, आणि तो लांबतच राहिला तरी पंचाईत.

आता नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं बघा. हाडावरच्या पातळ आवरणात, पेरिऑस्टियममध्ये, नसांचं दाट जाळं असतं, म्हणून तर हाड मोडलं की ब्रह्मांड आठवतं. पण त्या नुसती कळ देऊन थांबत नाहीत, मोडल्या जागी एनजीएफ नावाचं प्रोटीन वाढतं, त्याच्या ओढीने नसांना नवे फाटे फुटतात, आणि त्यांच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं जे रक्तवाहिन्या रुंद करतं, हाड घडवणाऱ्या पेशींना कामाला लावतं, वर मॅक्रोफेजनाही दुरुस्तीकडे वळवतं. 2019 मध्ये उंदरांवरचं एक काम आलं, त्यात एनजीएफचा सिग्नल बंद केल्यावर नसा कमी आल्या आणि हाड जुळणंही रखडलं.

माझी मावशी गोव्यात सावईवेऱ्याला कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शेवाळावरून घसरली आणि मनगट गेलं. तिला जुना डायबिटीस, तळपाय बधिर, चप्पल कधी सुटली तेही कळत नाही. म्हणजे नसा आधीच थकलेल्या, वर शुगर वाढलेली असली की सूजही लवकर आवरत नाही. आणि घरचे सगळे प्लास्टरवर नजर ठेवून, चवथीला गोड नेवऱ्या मात्र पुढ्यात!

पेनकिलरचं थोडं वेगळं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे सूज नि कळ वाढवणारं जे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन अडवतात ते हाड जुळायलाही लागतं, उंदरांत ते दिसलंय, माणसांत चित्र तेवढं स्वच्छ नाही. म्हणून मुकाट्याने कळ सोसा असं मी म्हणणार नाही, पण फार्मसीतून आपल्या मनाने स्ट्रिपवर स्ट्रिप आणण्यापेक्षा ऑर्थोला विचारा, कुठली गोळी नि किती दिवस. आणि जाताना शुगरचा रिपोर्ट एक्स-रेबरोबर न्या, त्यांनी मागितला नाही तरी.