डिस्नी वर्ल्डचा प्लॅन: आधी दुपार ठरवली, मग बाकीचं

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही सहाजण ऑरलँडोला डिस्नी वर्ल्डला जातोय, मी, नवरा, पहिलीतली लेक, तीनचा व्हायला आलेला धाकटा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत आलेले सासू-सासरे. सगळ्यांचीच पहिली वेळ. आपल्याकडे एवढे पैसे भरलेत म्हटलं की गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत सगळं बघून घ्यायचं असं असतं, पण मला मनापासून वाटतं की लहान मुलं आणि मोठी माणसं बरोबर असताना पहिल्यांदा दुपार ठरवायची. दुपारी १ ते ४ सगळे खोलीवर, आडवे. हे एकदा नक्की केलं की हॉटेल, तिकिटं, राइड्स सगळं आपोआप सुटत जातं.

ही जागा जवळजवळ २५,००० एकर आहे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही चार पार्कं एकमेकांपासून लांब आहेत, मुलं आणि मोठी माणसं घेऊन चालत जाण्याजोगी नाहीत. म्हणून बाहेरचं स्वस्त हॉटेल बघून ठेवलं होतं ते सोडलं आणि आतलं आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन घेतलं. तिथे फॅमिली सूट मिळतो, सहाजण झोपू शकतात, दोन बाथरूम आहेत (सकाळी सहा माणसं आवरणार म्हणजे हे लाखमोलाचं), छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह पण आहे. शिवाय स्कायलायनर, म्हणजे रोपवेसारखे डबे, तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेतात आणि बाकी दोन पार्कांना बस आहे. दुपारी परत यायचं तर गाडी, पार्किंग, कारसीट काही भानगड नको.

डिसेंबरचा पहिला आठवडा घेतला कारण थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरलेली असते, नाताळची अजून आलेली नसते आणि सजावट मात्र सगळी लागलेली असते. अजून एक कारण धाकटा, तीन वर्षांखालच्या मुलांना पार्कचं तिकीट लागत नाही आणि त्याचा वाढदिवस जानेवारीत आहे. मोठ्यांचं तिकीट तर वय वर्षं १० पासूनच लागतं. आम्ही पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी जास्त पार्कांत जाता येणारं तिकीट, नाही घेतलं, एका दिवशी एकच पार्क पुरे. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत कधीही वापरता येतं, सलग जायलाच पाहिजे असं नाही, आणि हे आम्हाला फारच उपयोगी पडलं कारण आईंचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात. गुरुवारी पार्कच ठेवलं नाही. सकाळी पूजा, मायक्रोवेव्हमध्ये साबुदाण्याची खिचडी, मुलं स्विमिंग पूलमध्ये आणि संध्याकाळी मोनोरेल, त्याला पार्कचं तिकीट लागत नाही.

मॅजिक किंगडमचं एक लक्षात ठेवा, या दिवसांत काही रात्री तिथे ख्रिसमसची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते आणि साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी ६ ला बाहेर पडावं लागतं. त्यामुळे तारीख बघूनच दिवस ठरवला, आम्हाला रात्रीची आतषबाजी बघायचीय आणि दुपारी झोप झालेली असेल तर धाकटा पण टिकेल.

बऱ्याच राइड्सना कमीत कमी उंचीची अट असते, म्हणून लेकीची उंची मोजली. फ्रिजशेजारच्या भिंतीला टेकून उभी, डोक्यावर पुस्तक ठेवलं तर टाचा हळूच वर! परत मोजलं, ४३ इंच. म्हणजे ३८ इंचवाली सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग, ४० इंचवाली सोअरिन चालेल पण स्पेस माउंटन, एव्हरेस्ट, फ्लाइट ऑफ पॅसेज या सगळ्यांना ४४ लागतात. तिला आत्ताच नीट सांगून ठेवलंय, रांगेच्या तोंडाशी कळून रडारड होण्यापेक्षा बरं. आम्हा दोघांना मोठ्या राइड्स करायच्यात त्यासाठी रायडर स्विच आहे, एकजण धाकट्याला घेऊन थांबतो आणि पहिला आला की दुसरा सगळी रांग परत न लावता जातो.

रांग टाळायचा पैसेवाला मार्ग म्हणजे लाइटनिंग लेन. आतल्या हॉटेलात राहणाऱ्यांना ते चेक-इनच्या ७ दिवस आधी सकाळी ७ पासून बुक करता येतं, बाहेरच्यांना फक्त ३ दिवस आधी. आम्ही फक्त मॅजिक किंगडमसाठी घेणार, बाकी ठिकाणी आतल्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात तेवढ्यात मोठी एखादी राइड उरकायची.

बाबांचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी पार्कमध्येच व्हीलचेअर भाड्याने मिळते. ते आधी नको म्हणत होते, पण एपकॉटमधली लिव्हिंग विथ द लँड ही बोट काचेच्या ग्रीनहाउसमधून जाते, मातीशिवाय वाढवलेले टोमॅटो वगैरे बघायला मिळतात, हे दाखवल्यावर तयार झाले. जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस, त्यांनी तो व्हिडिओ परत परत लावून ठिबक कसं दिलंय ते बघितलं. मला तर वाटतं त्या पार्कात सगळ्यात जास्त वेळ तेच रमतील.

जेवणाचं म्हणाल तर बाहेरचा खाऊ आत नेता येतो, काचेची बरणी तेवढी चालत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू नेणार. पाणी कुठल्याही काउंटरवर मागितलं की फुकट देतात. एकच मोठं जेवण ठरवलंय, अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं सना, तिथे नान आणि बऱ्याच चटण्या एकत्र मिळतात आणि खिडकीतून जिराफ दिसतात. टेबल ६० दिवस आधी बुक करता येतं, म्हणून त्या दिवशी पहाटेचा गजर लावलाय. जेवणाच्या दिवशी सकाळी लवकर अ‍ॅनिमल किंगडम पार्कातली सफारी (प्राणी तेव्हा हिंडत असतात), मग सनाला जेवण आणि तिथून थेट खोलीवर.

आता फक्त बूट राहिलेत. आई कायम चपलेत वावरलेल्या, त्यामुळे या शनिवारी त्यांना दुकानात नेऊन हलके, रुंद पंजाचे बूट घेणार, म्हणजे जाईपर्यंत पायाला सवय होईल.