महेश्वरची गादी आणि दोन तिजोऱ्या

इंदूरहून विंध्याचा घाट उतरलं की निमाडचा मुलुख लागतो, आणि धामनोदवरून वळलं की महेश्वर. बरेच जण इथे साड्यांसाठी आणि नर्मदेच्या घाटासाठी येतात. मला अहिल्याबाईंची बसायची जागा बघायची होती. 2025 साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, त्याच्या आदल्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर झालं होतं, आणि हातात शिवलिंग घेतलेलं त्यांचं चित्र सगळ्या पक्षांच्या फलकांवर आलं. नाव इतकं घेतात, मग कारभारही जाणून घ्यावा, असं मनात होतं.

किल्ल्यातला वाडा साधा आहे. लाकडी खांब, ओसरी, पांढरीशुभ्र गादी आणि लोड. 1767 पासून 1795 पर्यंत होळकरांच्या दौलतीचा कारभार इथून चालला. त्याआधी घरात एकामागून एक मृत्यू झाले होते: 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, 1766 मध्ये सासरे मल्हारराव, पाठोपाठ मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना हाताशी धरून दौलत घ्यायचा बेत केला. बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांची बाजू घेतली आणि फौज तुकोजी होळकरांकडे गेली.

त्या ओसरीसमोर मी बराच वेळ थांबले ते एका गोष्टीसाठी. होळकरांच्या तिजोऱ्या दोन होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. दुसरी खासगीची, तिचं मूळ 1734 साली पेशव्यांनी सासूबाई गौतमाबाईंना दिलेल्या महालांत, म्हणजे महसुली परगण्यांत होतं. काशी विश्वनाथ, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, विहिरी, हा दानधर्म बाईंनी प्रामुख्याने खासगीतून केला. दौलतीच्या पैशावरून मात्र त्यांची तुकोजींशी सतत ओढाताण होई, कारण मोहिमांना पैसा हवा असे आणि बाई हिशोब मागत.

आपल्या गावी सभामंडपाच्या कमानीवर काय लिहिलेलं असतं, ते आठवा. ‘अमुक आमदारांच्या प्रयत्नांतून.’ पैसा आमदार निधीचा, म्हणजे करदात्यांचाच. सरकारी जाहिरातींतल्या नेत्यांच्या छायाचित्रांवर सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मर्यादा घातली होती: फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश. 2016 मध्ये ती सैल झाली. राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याचे मंत्रीही आले. मला याचा मनापासून राग येतो.

अर्थात बाईंना देव्हाऱ्यात बसवलं की प्रश्न विचारणं थांबतं, आणि तेही मला नको आहे. खासगीचा पैसाही शेवटी रयतेच्या महसुलातूनच येत होता. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं, कुणी खाली उतरवू शकलं नसतं. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने 1818 नंतर माळव्यातल्या जाणत्या लोकांकडे चौकशी केली, तेव्हा बाई रोज उघड्या दरबारात बसून तक्रारी ऐकत, असं त्याला कळलं. पण तो चांगुलपणा त्यांच्यासोबतच संपण्यासारखा होता, आणि घडलंही तसंच: 1797 मध्ये तुकोजी गेल्यावर वारसांत भांडणं पेटली आणि माळव्याची धूळधाण झाली.

आज आपल्याकडे महालेखापरीक्षक आहेत, विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे. अहिल्याबाईंची शिस्त पुढच्या पिढीकडे सोपवायला अशी एकही यंत्रणा नव्हती. आपल्याकडे ती आहे, आणि तिचे अहवाल आपण वाचतही नाही. यापुढे मी वाचणार आहे. आमच्या भागात पुढच्या कमानीचं उद्घाटन होईल, तेव्हा मंचावरच्या माणसाला विचारणारही आहे की हा पैसा कोणत्या निधीतला.