चोर पंपाखाली आणि फाशी कार्बला

पेट्रोल गळतीचं मूळ सापडलं! म्हणजे नव्वद टक्के सापडलंय. काल रात्री माझी फोक्सवॅगन बीटल बंद करून अर्ध्या तासाने परत गॅरेजमध्ये डोकावलो आणि पेट्रोलचा वास नाही. गेले पाच रविवार तो वास माझ्या कपड्यांत, केसांत, नाकात मुक्कामाला होता.

मागच्या वेळी १३०० चं इंजिन काढून १६०० ड्युअल पोर्ट इंजिन बसवल्याचं सांगितलं होतं, पहिल्याच फटक्यात सुरू झाल्याच्या बढायाही मारल्या होत्या. तिथेच दृष्ट लागली. आठवड्याभरात गरम इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) अडखळायला लागलं, एकदा बंद केलं की परत सुरू व्हायला नखरे, प्लग काजळीने माखलेले. एअर क्लीनर काढून कार्बच्या (कार्बुरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) घशात टॉर्च मारला तर इंजिन बंद असतानाही थेंब पडतायत, टप... टप... गळक्या नळासारखे. पण खरी धडकी भरली ती डिपस्टिक बघून, ऑइल वरच्या खुणेच्याही वर! या इंजिनात अडीच लिटर बसतं, मी मोजून अडीचच घातलं होतं, काढलं तर तीनच्या वर भरलं, पाण्यासारखं पातळ, म्हणजे त्यात पेट्रोल उतरलंय. कोणाच्या गाडीत ऑइल असं आपोआप वाढत असेल तर कृपा करून स्टार्टर मारू नका, आधी ऑइल बदला, बेअरिंगना पेट्रोल पाजलं तर ती किती दिवस टिकणार.

आता माझा मूर्खपणा. फ्लडिंग (इंजिनात जास्तीचं पेट्रोल शिरणं) म्हटलं की कार्ब, असं धरून मी त्या बिचाऱ्या ३४ पिक्ट-३ कार्बच्या मागे हात धुऊन लागलो. चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) बघितला, फडकी दोनेक मिनिटांत सरळ उभी राहते, म्हणजे तो निर्दोष. फ्लोट (कार्बमधल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) काढून गरम पाण्यात बुडवला, एक बुडबुडा नाही. मग रिपेअर किट मागवलं आणि त्यातला नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की सुईने पेट्रोल बंद करणारा) बसवला तर गळती दुप्पट! बाहेर काढून बोटावर उलटा केला तर सुई आपल्या वजनाने खाली यायला हवी ती मध्येच अडकतेय. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण चकचकीत पाकीट बघून भुलू नका, सुई हातात हलवून बघा मगच बसवा. जुनाच व्हॉल्व्ह साफ करून परत घातला. या फ्लोटला वाकवायला पट्टी नसते हे तुम्हाला माहितीच आहे, लेव्हल व्हॉल्व्हखालच्या वॉशरने करायची, म्हणून जाड वॉशर टाकला. एक दिवस बरं वाटलं, मग गळती होतीच आणि वर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आचके द्यायला लागली. आगीतून फुफाट्यात.

चौथ्या रविवारी वैतागून पंपाची नळी काढली, पेट्रोलची बाटली कार्बच्या मीटरभर वर टांगली आणि तिची नळी कार्बला जोडली. मीटरभर उंचीवरून साधारण १ पीएसआय (दाबाचं माप, पाउंड प्रति चौरस इंच) दाब मिळतो. वीस मिनिटं टॉर्च धरून घशात बघत बसलो, एक थेंब नाही! म्हणजे १ पीएसआयला सुई व्यवस्थित बंद होते, मग तिला ढकलून उघडतंय ते दुसरंच कोणीतरी. ही बाटली पहिल्याच दिवशी टांगायला हवी होती, फुकटातली टेस्ट.

मग टी-जोड टाकून प्रेशर गेज लावलं. आयडलला साडेसहा पीएसआय. तीन-चारच्या वर गेलं की हा कार्ब कुरकुरतो, साडेसहाला ती सुई काय करणार. आता तुम्ही सगळे एका सुरात ओरडणार, "रॉड!" मीही तेच ओरडलो. डायनॅमोच्या सरळ पंपाला १०८ मिमी पुशरॉड (पंप चालवणारा दांडा), अल्टरनेटरच्या तिरक्या पंपाला १००, माझा आता तिरका, म्हणजे चुकून जुना रॉड घातला असणार, मिटली कटकट. पंप उतरवला, व्हर्नियर लावला. बरोब्बर १००. तिथेच स्टुलावर बसून राहिलो दोन मिनिटं.

मग प्लग काढून पुली हाताने फिरवली आणि रॉड किती वर येतो ते मोजलं. पुलीच्या दोन फेऱ्यांत रॉड एकदाच वर येतो, त्यामुळे सावकाश फिरवा, पहिल्यांदा मी टोक चुकवलं. सर्वात वर असताना बैठकीच्या बाहेर १३ मिमी हवा, माझा १५ ला टेकत होता. रॉड बरोबर असून वर कसा? तर इंजिन बदलताना पंपाखालची प्लास्टिकची बैठक मी नवी घातली होती. जुनी खोक्यात सापडली, शेजारी ठेवली तर नवी जवळपास २ मिमीने बुटकी निघाली. रॉड जेवढा जास्त वर येणार तेवढी पंपातल्या डायफ्रामखालची (लवचिक पडद्याखालची) स्प्रिंग जास्त दबणार आणि पेट्रोल ढकलते ती स्प्रिंगच. २ मिमीने एवढा घोळ!

जुन्या बैठकीला बारीक चीर आहे, म्हणून नवीच ठेवली आणि अर्धा मिमी कागदाची चार गास्केट कापून पंपाखाली घातली. पहिलं कापताना भोक वाकडं गेलं, चौथं मात्र फ्रेम करून लावावं असं जमलं. रॉड १३, गेज साडेतीन, वॉशर परत जुन्या जाडीचा, आचके बंद. तिथे हात होताच म्हणून कार्बच्या तोंडाची पितळी नळी हलवून बघितली तर बोटांनी गोल फिरली! ही नळी नुसती ठोकून बसवलेली असते, ती निसटली की पेट्रोल थेट गरम इंजिनवर. आज रात्री जाऊन बघाच आपापली. मी आटे पाडून स्क्रूवालं फिटिंग बसवलंय.

उरलेले दहा टक्के म्हणजे गरम असताना सुरू होणं, ते अजून रेंगाळतंय. इलेक्ट्रिक पंप आणि रेग्युलेटर घ्यायचा असं ठरवूनच लिहायला बसलो होतो, पण हे लिहिता लिहिता आठवलं की काल गाडी बंद केल्यावर गेजचा काटा खाली यायच्या ऐवजी हळूहळू चारच्या वर चढला होता आणि मी दुर्लक्ष केलं. पंप तर बंद, मग दाब वाढवला कोणी? पंप ते कार्ब ही नळी माझ्याकडे इंजिनच्या पत्र्याला चिकटून गेलीये, आतलं अडकलेलं पेट्रोल तापून फुगत असणार आणि सुईला ढकलत असणार. तसं असेल तर इलेक्ट्रिक पंप लावूनही हेच होईल. तेव्हा ऑर्डर थांबवली. ताजं अडीच लिटर ऑइल घातलंय, डिपस्टिकचा फोटो काढून ठेवलाय. रविवारी नळी पत्र्यापासून दोन बोटं लांब घेतो, अर्धा तास गाडी पळवून आणतो आणि बंद करून गेजसमोर स्टूल टाकून बसतो.