कमॅरोचं मागचं सस्पेन्शन, बोल्ट की वेल्ड: माझा दोन उन्हाळ्यांचा घोळ

मी मूळचा कोल्हापूरचा, आता डेट्रॉइटजवळ राहतो, आणि २०२१ मध्ये बायकोचा विरोध पत्करून २००० सालची शेव्हरोलेची कमॅरो झी-२८ ही स्पोर्ट्स कार घेतली. एलएस-वन इंजिन, ५.७ लिटर, ३०५ हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल, वर टी-टॉप, म्हणजे छताचे दोन तुकडे काढता येतात. आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी सव्वा इंच खाली आणलेली, दिसायला एकदम कडक, म्हणून मी त्याचे पन्नास डॉलर जास्तच दिले म्हणा ना. पुढचा सगळा खर्च त्या सव्वा इंचानेच केला हे नंतर कळलं.

पहिल्यांदा मिशिगनमधल्याच मिलनच्या ड्रॅगस्ट्रिपवर (सरळ रेषेत शर्यत लावायचा ट्रॅक) नेली, क्लच सोडला आणि मागनं असा आवाज की कुणीतरी डिकीत बसून घणानं ठोकतंय. धडधडधडधड. व्हील हॉप, म्हणजे मागची चाकं उड्या मारतात. पाय काढला तेव्हा कुठे थांबलं. पहिल्या ६० फुटांना २.४ सेकंद. बाजूच्या लेनमधला साधा पिकअप माझ्या पुढे निघून गेला, त्यावर जास्त बोलत नाही.

या गाडीला मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर. दोन्ही बाजूंना एकेक लोअर कंट्रोल आर्म, जो ॲक्सलचा रेटा बॉडीला देतो, मधे ॲक्सलपासून गिअरबॉक्सच्या शेपटापर्यंत जाणारा लांब टॉर्क आर्म, आणि ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड. लोअर आर्मचं पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडं वर हवं, मग ॲक्सिलरेटर दाबला की टायर रस्त्यावर दाबले जातात. गाडी खाली आणली की बॉडी खाली येते, ॲक्सल आहे तिथंच राहतो, म्हणजे आर्म सपाट होतो किंवा उलटाच झुकतो. मग टायर पकडतो, सुटतो, पकडतो, सुटतो. तेच ते घण.

उपाय ठरलेला आहे, रिलोकेशन ब्रॅकेट. ॲक्सलवर बसवायचं, आर्मचं मागचं टोक खालच्या भोकात घ्यायचं, कोन सुधारतो. पण हे ब्रॅकेट दोन प्रकारात मिळतं, एक बोल्ट-ऑन आणि एक वेल्ड-ऑन, आणि मी तीन आठवडे रात्री जेवण झाल्यावर हेच वाचत बसलो होतो.

शेवटी काकाला फोन लावला. काकाचं शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ट्रॉल्या आणि शेड बनवतो, कमॅरो त्याने फोटोतच बघितलेली. मी त्याला अँटी-स्क्वॉट (आर्मच्या कोनाचं तेच गणित) वगैरे समजावत होतो, त्याने मधेच तोडलं. "त्ये सगळं असू दे रं. मला एवढंच सांग, बशीवल्यावर त्यो पार्ट परत काढायचा हाय का न्हाई?" मी म्हटलं, माहीत नाही, ब्रॅकेटला तीन भोकं आहेत, कुठलं बरोबर ते चालवल्याशिवाय कळणार नाही. "मग आत्ता वेल्ड कशाला मारतोस?"

म्हणून पहिल्या उन्हाळ्यात बोल्ट-ऑन. बॉक्स सेक्शनचे नवे आर्म पण घेतले, कारण ओरिजिनल म्हणजे वाकवलेला पत्रा, खालून उघडा. नव्या आर्मला एका टोकाला पॉलियुरेथेन बुश आणि दुसऱ्या टोकाला रॉड एंड (धातूचा फिरता सांधा) घेतला. दोन्हीकडे पॉली घेऊ नका असं माझं मत, ॲक्सल वळणावर तिरका होतो तेव्हा कडक पॉलीला फिरता येत नाही आणि सगळं अडकतं. दोन्हीकडे रॉड एंड घेतले तर रस्त्यावरचा खडा न् खडा केबिनमधे ऐकू येतो. जुने बोल्ट गंजलेले (मिशिगनचं मीठ), एक तर कापूनच काढला. बाकी काम घरच्या गॅरेजमधे जॅक स्टँडवर एका शनिवारात झालं.

भोकांचं म्हणाल तर उत्साहात सगळ्यात खालचं घेतलं. लाँच मस्त झाला, पण हायवेच्या लांब वळणावर गाडीचं मागचं टोक स्वतःच्या मर्जीने वळायला लागलं, घाबरलोच. आर्मला जास्त चढ दिला की बॉडी एका बाजूला झुकताना ॲक्सल स्वतःच थोडा वळतो. वरच्या भोकात घेतलं, वळणावर शहाणी झाली, हॉप तरीही गेलेला. ६० फूट २.१. हे आधी वेल्ड केलं असतं तरी भोकं होतीच की, असं कुणी म्हणेल, पण वरच्या भोकात माझ्या आर्मचं डोकं एक्झॉस्टला चाटत होतं आणि ब्रॅकेट दोनदा काढून घासावं लागलं, ते वेल्डवर झालं नसतं.

आता खरी गंमत. बसवताना प्रत्येक नटावर पांढऱ्या मार्करने रेघ मारली होती, अर्धी नटावर, अर्धी ब्रॅकेटवर, म्हणजे नट फिरला तर लगेच दिसावं. ऑगस्टमधे वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, गेलो, येताना गिअर बदलला की मागनं "टक". गॅरेजमधे आडवा झालो, टॉर्चने बघितलं, सगळ्या रेघा जागेवर. एकही नट तसूभर फिरलेला नाही. मग ब्रॅकेटच्या कडेला चमचमणारी चंद्रकोर दिसली, साधारण दीड मिलिमीटरची, जिथे रंग घासून लोखंड पॉलिश झालं होतं. नट नव्हे, ब्रॅकेट सरकत होतं. ब्रॅकेट आणि जुना माउंट यांच्या मधे मी रंगाचा जाड थर तसाच ठेवला होता, तो दबला, बोल्टचा ताण गेला, आणि आर्म आता आधीपेक्षा खालून ओढत असल्यामुळे हिसका मोठा. बोल्ट काढला तर भोक लंबगोल. पुन्हा टॉर्क पाना लावून उपयोग नव्हता.

पण आता भोक ठरलेलं होतं, काढायचं काही उरलं नव्हतं. काकाच्या हिशोबाने वेल्डची वेळ झाली होती.

माझ्याकडे वेल्डिंग मशीन नाही आणि हात तर त्याहून नाही. ओळखीतून एक रिटायर्ड वेल्डर मिळाला, त्याच्याकडे चढवायचा लिफ्ट होता. मी मदत म्हणून अर्थचा चिमटा ब्रेक डिस्कला लावला, त्याने काही न बोलता काढला, ॲक्सल ट्यूबवर ग्राइंडरने एक पांढरा डाग पाडला आणि तिथे लावला. डिस्कला लावला असता तर करंट बेअरिंगमधून गेला असता आणि बेअरिंगला खड्डे. बॅटरी सोडवलेली, ब्रेकचे पाइप आणि एबीएसची वायर बाजूला बांधलेली, पेट्रोलची टाकी तिथेच म्हणून मधे फायर ब्लँकेट आणि माझ्या हातात एक्स्टिंग्विशर. त्याने आधी चारी कोपऱ्यांवर टाके मारले, मग इंच इंच, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मधे हात लावून बघायचा आणि चक्क कॉफी प्यायचा. एका दमात ओढलं तर ट्यूब वाकते आणि टोकाचं ऑइल सील भाजतं.

त्याच दिवशी सबफ्रेम कनेक्टर (गाडीची पुढची आणि मागची चौकट खालून जोडणारे दांडे) पण वेल्ड केले. त्यात मात्र मी बोल्ट-ऑनचा विचारच केला नाही. टी-टॉपमुळे छत अर्धं कापलेलंच, बॉडी पिळते, आणि कनेक्टर परत काढायचं कारणच नाही. फक्त गाडी चारी चाकांवर उभी हवी, चाकं लोंबकळत असताना वेल्ड केलं तर बॉडी आहे त्याच वाकड्या अवस्थेत कायमची.

पॅनहार्ड रॉड मात्र बोल्टचाच, ॲडजस्टेबल. गाडी खाली आल्यामुळे ॲक्सल एका बाजूला सरकलेला, दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, दोन्ही फेंडरवरनं सोडला, एकीकडे टायर ९ मिलिमीटर जास्त बाहेर. रॉड फिरवून सारखा केला. उद्या स्प्रिंग बदलले तर परत फिरवावा लागणार, हा वेल्ड कोण करेल?

वेल्डच्या बीडचा, म्हणजे रेघेचा, फोटो काकाला पाठवला. दोन तासांनी व्हॉइस मेसेज आला, "बीड बरी हाय. डाव्या अंगाला जरा घाई केलीया. आन् त्यावर प्रायमर मार आजच्या आज, तुमच्याकडं रस्त्यावर मीठ टाकत्यात म्हणं." मारला, दोन हात.