हात खिशात ठेवून बाजार

कपिलतीर्थ मंडईत वांगं दाबून, कोथिंबिरीची जुडी हुंगून आणि द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून मगच भाव विचारायचा, हे कोल्हापूरकराच्या हाडात मुरलेलं असतं. इटलीतल्या मंडईत हीच सवय अंगाशी येते. गिऱ्हाइकानं मालाला हात लावलेला तिथं खपत नाही. टोमॅटो आज खायचे की उद्या, एवढं सांगावं. दुकानदार त्या हिशेबानं पिकलेले किंवा जरा कडक निवडून देतो. चीज घेताना पावशेर-अर्ध्या किलोच्या गोष्टी करू नयेत. 'उन एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम, पावाबरोबर दोघांना रग्गड. जास्त घेतलं की उन्हात तेल सुटलेला गोळा दिवसभर पिशवीतून मिरवायचा.

आपल्याकडं संध्याकाळी पिशवी घेऊन निघालं तरी चालतं. युरोपातल्या बऱ्याच गावांतली मंडई दुपारी एक-दोनलाच आवरते. बार्सिलोनाची बोकेरिया संध्याकाळपर्यंत चालते, पण रविवारी बंद. तिथं ला रांब्ला या रस्त्याच्या बाजूच्या दर्शनी गाळ्यांवर कापलेल्या फळांचे पेले मांडलेले असतात. आत गेलं की तसलेच पेले बहुतेक वेळा स्वस्त मिळतात. क्योटोच्या निशिकी बाजारात खातखात हिंडणं बरं दिसत नाही. दुकानासमोर उभं राहून खावं आणि काडी तिथंच परत द्यावी, कारण पुढं कचराकुंडी सहज सापडत नाही.

जिभेचे लाड खरे बँकॉकला. चातुचाक बाजाराशेजारच्या ऑर टोर कोर बाजारात एप्रिल-मेमध्ये आंबा-भात खावा. चिकट तांदूळ काही तास भिजवून वाफवतात आणि गरम असतानाच साखर-मीठ घातलेलं नारळाचं दूध घालून झाकून ठेवतात. भात गार झाल्यावर दूध घातलं तर मुरत नाही, तळाशी साचतं. वरून दाट, खारट दूध आणि भाजलेली मूगडाळ. 'नाम दोक माई' आंब्याला हापूसचा दरवळ नाही, हे कबूल. पण त्या खारट दुधाशी हापूस इतका जमला नसता. उरलेला खोलीवर नेऊ नये. फ्रिजमध्ये भात टणक होतो, बाहेर उकाड्यात नारळाचं दूध आंबतं.

कच्च्या पपईच्या सोम ताम या कोशिंबिरीत सहसा सोडे आणि माशाचा सॉस असतो. शाकाहारी माणसानं पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत 'जे' (म्हणजे शाकाहारी) लिहिलेला गाडा शोधावा. आणि तांबड्या रश्श्याच्या जोरावर 'होऊ दे तिखट' म्हणू नये. आपल्या कांदा-लसूण मसाल्यातली मिरची तेलात, खोबऱ्या-तिळात मुरलेली; तिथली कच्चीच खलात ठेचलेली. एकच मिरची सांगावी. तरीही झणका बसला तर पाणी ढोसून उपयोग नाही, चिकट भाताचे दोन घास खावेत.