खडपात अडकलेली कांडाळ

सीझनमध्ये आम्हा मालवणच्या डायव्हर मंडळींचा दिवस पर्यटकांना खाली नेऊन वर आणण्यात जातो. त्या दिवशी मात्र पर्यटक यायच्या आधीच दांडीच्या किनाऱ्यावरचे एक मच्छीमार काका बोटीपाशी येऊन उभे राहिले. वयाने माझ्या वडलांएवढे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "झिला, रात्री कांडाळ व्हावान गेली. किल्ल्यामागल्या खडपात अडाकली आसा. कोणाक सांगू नको."

कांडाळ म्हणजे मासे धरायचं नायलॉनचं जाळं. काकांची भीती खोटी नव्हती. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला सिंधुदुर्ग आणि पद्मगडाजवळचा तीनेक चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. तिथे मासेमारी चालत नाही. काकांनी जाळं बाहेर मारलं होतं, पाण्याच्या ओढीने ते आत आलं. पण रात्री काय झालं हे कुणाला पटवून देणार?

बोट काढली. किल्ल्याचा बुरूज आणि किनाऱ्यावरचा एक माड एका रेषेत धरून काकांनी नेमकी जागा दाखवली. पाणी बऱ्यापैकी निवळ होतं. मी आणि माझा जोडीदार उतरलो.

थंड समुद्रात केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची जंगलं असतात, तशी आपल्या कोमट पाण्यात होत नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात खडकांवर सरगॅसम हे शेवाळ वाढतं, तपकिरी, बारीक फुग्यांचं, आणि त्याच्या आडोशाला पिल्लं राहतात. कांडाळ या शेवाळावरून आडवी पसरली होती. नायलॉनचा धागा पाण्यात जवळजवळ दिसत नाही, बोटाला लागला की कळतो. एका घडीत शेवंड (लॉबस्टर) गुंतली होती, जिवंत. पलीकडे दोन मेलेले मासे, आणि ते खायला आलेली कुर्ली तिथेच अडकलेली. मालक वर बोटीत बसलेला, तरी जाळं खाली मासे मारतच होतं. तसंच राहिलं असतं तर वर्षानुवर्षं मारत राहिलं असतं, कारण नायलॉन कुजत नाही.

खरी अडचण पुढे होती. जाळ्याचा शिशाचा दोर टर्बिनेरियाच्या खाली गेला होता. हे प्रवाळ पसरट, पानांसारखं वाढतं आणि कडेला फार नाजूक असतं. एक कड आधीच मोडून पांढरी पडली होती. वरून दोर ओढला असता तर अख्खी वसाहत उखडली असती. जवळच पोराइट्सचा गोळा होता, कमरेएवढा. हे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतं, म्हणजे तो गोळा काकांपेक्षा म्हातारा असणार. त्याला मात्र धक्का लागला नव्हता.

वर येऊन काकांना सांगितलं, कापावं लागेल. ते गप्प झाले. मग म्हणाले, "कर्जाचे हप्ते आसत रे तेचे." मला वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, ते असायलाच हवं. पण जाळं सोडवून द्यायला जो स्वतःहून येतो, त्याच्या नुकसानीचा विचार कोण करणार? शेवटी त्यांनीच मान हलवली. "काप. पण चांगला आसा ता वर हाड."

आम्ही कात्रीने एकेक पीळ मोकळा केला, दोर दोन्ही बाजूंनी तोडला. शेवंड सुटली तशी शेपटी मारत कपारीत गेली. हवेच्या पिशव्या लावून जाळं उचललं. निम्म्याहून जास्त वापरण्यासारखं निघालं.

निवतीच्या खडकाजवळ 'गुलदार' हे नौदलाचं निवृत्त जहाज बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरल्यापासून पर्यटक तेच विचारतात. बुडालेल्या लोखंडावर जीव वसतो, मासे येतात, हे खरं आहे. पण जाळी अशा सांगाड्यांतही अडकतात, आणि तिथेही कुणाला तरी कात्री घेऊन उतरावं लागेल. त्याची तयारी आतापासून हवी.

त्याच आठवड्यात आणखी दोघांचे फोन आले. त्यांचीही जाळी आत आहेत. दंड होणार नसेल तर जागा दाखवतो म्हणाले. असा शब्द देणं माझ्या हातात नाही. तो द्यावा म्हणून आम्ही डायव्हर आणि दांडीवरचे मच्छीमार मिळून आता अर्ज लिहितोय, आणि पहिली सही काकांनी केली आहे.