कोल्हापुरात दोन रात्री बड्या हॉटेलात: शंभर रुपयांपायी दोन हजारांचा फटका

आधी बिल, मग बाकीचं. खोली रोज ६,४००, एक्स्ट्रा बेड रोज १,२००, मुक्काम दोन रात्री. बुकिंगच्या वेळी फोनवर ‘प्लस टॅक्स’ एवढंच सांगितलं होतं. टॅक्स ५ टक्के धरला तर रोजचे ३८० होतात. बिलात लागले रोजचे १,३६८. काउंटरवर विचारलं तर उत्तर, “सिस्टीमच धरतीय सर, आमच्या हातात काय न्हाई.”

सिस्टीम काय धरते ते समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. ७,५०० च्या वर एक रुपया गेला की १८ टक्के, आणि तो वरच्या रुपयावर नाही, सगळ्या रकमेवर. इन्कम टॅक्ससारखे टप्पे इथे नाहीत. आमच्या बिलात ६,४०० मध्ये बेडचे १,२०० मिळवले, आकडा ७,६०० झाला आणि आख्ख्या ७,६०० वर १८ टक्के बसले. एका दिवसाचे ८,९६८. तेच भाडं सगळं मिळून ७,५०० लावलं असतं, तर टॅक्स ३७५ आणि दिवसाचे ७,८७५. म्हणजे हॉटेलने शंभर रुपये सोडले असते तर पाहुण्याचे १,०९३ वाचले असते. दोन रात्रींचे २,१८६. हॉटेलच्या खिशातून गेले असते फक्त दोनशे.

म्हणून भाव करायची जागा हीच. खोलीचं भाडं उतरवा म्हणून घासाघीस करण्यापेक्षा ‘बेड धरून ७,५०० च्या आत बसवा’ एवढंच मागा. हे रिसेप्शनवरच्या पोराला मागू नका, त्याला दर बदलता येत नाही. सेल्सला किंवा ड्यूटी मॅनेजरला सांगा, आणि बुकिंगच्या आधी सांगा. चेक-इन झाल्यावर दर सिस्टीममध्ये बसलेला असतो आणि कुणी हलवत नाही. उत्तर व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर घ्या: खोली इतकी, बेड इतका, टॅक्स किती टक्के, सगळं मिळून किती. ‘प्लस टॅक्स’ हा आकडा नाही.

दुसरा मार्ग प्लॅनचा. हॉटेलच्या भाषेत ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. सीपीचा आकडा ७,५०० ओलांडत असेल तर ईपी घ्या, नाश्ता बाहेर करा. कोल्हापुरात नाश्त्यासाठी हॉटेलात बसून राहणं तसंही पटण्यासारखं नाही. आणि सीपीमधला नाश्ता दोघांचाच असतो. तिसऱ्या माणसाचा एक्स्ट्रा बेडच्या पैशात धरलाय की वेगळा, हे विचारून घ्या. आमच्याकडे वेगळा निघाला.

१२ चे ५ टक्के झाले म्हणून भाडी तेवढी उतरली असतील, या भ्रमातही राहू नका. ५ टक्क्यांच्या खोलीवर हॉटेलला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या खरेदीवरचा टॅक्स त्यांच्याच अंगावर पडतो आणि तो कुठेतरी भाड्यात शिरतो.

जेवणाच्या बिलातही हाच ७,५०० चा आकडा डोकावतो. एरवी रेस्टॉरंटला ५ टक्के. पण ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात एक जरी खोली दिवसाला ७,५०० च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटला १८. तुमची खोली साडेतीन हजारांची का असेना, वरच्या मजल्यावरच्या सूटपायी तुमच्या वरणभातावर १८ टक्के. दोन हजारांच्या जेवणावर १०० ऐवजी ३६०. मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात हे असतं, ऑर्डर द्यायच्या आधी तळ वाचा.

सर्व्हिस चार्ज वेगळा. तो टॅक्स नव्हे. आपोआप बिलात लावू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम जुलै २०२२ चे आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते २८ मार्च २०२५ ला उचलून धरले. ‘काढा’ म्हटलं की बहुतेक वेळा निघतो. नाही निघाला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तो आकडा नुसता तोंडून काढला तरी पुरतं. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेल आणि रेस्टॉरंटला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच तसं सांगितलंय. खोलीत रोजच्या दोन बाटल्या फुकट असतात, त्या टेबलावरच्या. फ्रिजमधल्या नव्हेत. बाकीचं पाणी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा.

आता रात्रीचं. हॉटेलला लॉन आहे, हॉल आहे, फोटो सुंदर आहेत. फोटोत डॉल्बी दिसत नाही.

तुळशीचं लग्न उरकलं की कोल्हापुरातल्या प्रत्येक लॉनवाल्या हॉटेलात मुहूर्त लागतात, ते ज्येष्ठापर्यंत. दुपारचं लग्न त्रासाचं नाही. वाईट ती आदल्या रात्रीची हळद. सात-साडेसातला चालू होते आणि कागदावर दहाला बंद होते, कारण रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहे. प्रत्यक्षात दहाला गाणं थांबतं, पावणेअकराला ‘लास्ट’ म्हणून परत सुरू होतं. खिडकीला डबल काच असली तरी तिचा उपयोग वरच्या पट्टीच्या आवाजापुरता. बेसचा धक्का भिंतीतून आणि स्लॅबमधून येतो, त्याला काच काय करणार. हॉलच्या बरोबर वरचा मजला असेल तर पलंग थरथरतो.

बुकिंग करताना ‘आवाज येतो का’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी बँक्वेटच्या, म्हणजे लग्नाचा हॉल-लॉन देणाऱ्यांच्या, नंबरवर वेगळा फोन करा आणि त्या तारखेला लॉन मोकळं आहे का विचारा. ‘त्या दिवशी बुक आहे’ म्हणाले की तुमचं उत्तर मिळालं. तारीख बदलता येत नसेल तर तीन गोष्टी लिहून मागा: लॉनच्या विरुद्ध बाजूची खोली, हॉलपासून दोन मजले तरी वर, लिफ्टपासून लांब. लिफ्ट महत्त्वाची, कारण पाहुणेमंडळी रात्री एकपर्यंत वर-खाली करतात आणि पॅसेजमध्ये उभं राहून निरोप घेतात. कोल्हापूरकरांचा निरोप दहा मिनिटांत आटपत नाही.

तरीही अडकलात तर दहा वाजून पाच मिनिटांनी ड्यूटी मॅनेजरला फोन करा आणि आवाज बंद करायला सांगू नका, खोली बदलून मागा. आवाज तो बंद करू शकत नाही, लग्नाचं गिऱ्हाईक त्याला तुमच्या शंभरपट आहे. खोली तो देऊ शकतो. लग्नाच्या दिवशी पार्किंग सकाळी नऊलाच भरतं, तेव्हा गाडी आदल्या रात्रीच गेटच्या बाजूला तोंड करून लावा. नाश्त्याला साडेआठच्या आत जा. त्यानंतर वऱ्हाड उतरतं आणि डोशाच्या काउंटरला रांग लागते.

चातुर्मासात लग्नं नाहीत, लॉन शांत. पण तेव्हा पंचगंगेचा पूर. जुलै-ऑगस्टचं बुकिंग नेहमी रद्द करता येणारंच घ्या, दोनशे रुपये जास्त पडले तरी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ च्या पुढे चढत असेल तर निघू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, शहरातल्या शाहूपुरीतही पाणी होतं. असल्या वेळी हॉटेल कितीही चांगलं असो, तुम्ही आत अडकता आणि रोजचं भाडं चालू राहतं.

चेक-इन दुपारी. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोचवते, रात्रीच्या बसेस त्याच्याही आधी. लवकर खोली पाहिजे तर अर्ध्या दिवसाचं भाडं मागतात. देऊ नका. सामान बेल डेस्कला ठेवा, पावती घ्या, स्विमिंग पूल किंवा जिमजवळच्या बाथरूममध्ये आंघोळ उरका (मागितलं तर देतात) आणि रिक्षाने अंबाबाईला जा. स्वतःची गाडी नेऊ नका. बिंदू चौकातलं पार्किंग भरलं की महाद्वार रोडच्या गर्दीत फिरत बसाल. मंगळवार-शुक्रवार रांग मोठी, आणि किरणोत्सवाला, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, दर आणि रांग दोन्ही वर. घरची म्हातारी माणसं सोबत असतील तर मात्र अर्धं भाडं मोजा, गप.

गरम पाण्याचं एक. मोठ्या हॉटेलात पाणी गच्चीवरून, सोलर किंवा बॉयलरचं. लाइनच्या टोकाच्या खोलीत पहिली दोन-तीन मिनिटं थंडच येतं. लगेच रिसेप्शनला फोन करू नका, नळ चालू ठेवून वाट बघा. खोलीत वेगळा १५ लिटरचा गिझर असेल तर हिशोब असा: ६० अंशांचं १५ लिटर, २५ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं ३५ लिटर होतं. शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर ओढतो, म्हणजे चार मिनिटांत संपलं. पुन्हा तापायला २ किलोवॉटच्या गिझरला अठरा-वीस मिनिटं. तीन माणसं असाल तर बादली मागून घ्या. आणि दाराशेजारच्या खाचेतून की-कार्ड काढलं की प्लग बंद होतात, मोबाइल चार्जिंगला लावून बाहेर गेलात तर परत आल्यावर चार्ज तितकाच. दुसरं कार्ड मागा.

गादी चांगली, चादरी स्वच्छ, माणसं अदबीची. याबद्दल तक्रार नाही.

जेवणाबद्दल आहे. बड्या हॉटेलातला तांबडा-पांढरा हा पंजाबी ग्रेव्हीच्या हाताने केलेला असतो. पांढऱ्यात काजू जास्त, मटणाचं पाणी कमी, आणि वाटीचे पैसे. बाहेर खानावळीत मटण ताट घेतलं की वाढपी रस्सा घेऊन फिरतो आणि नको म्हणेपर्यंत वाढतो. एकही जेवण हॉटेलात करू नका, फार दमला असाल तर खिचडी-कढी मागवा, ती बरी करतात. नाश्त्याच्या काउंटरवरची मिसळ तर चाफिंग डिशमध्ये तासभर उकळून कट आणि उसळ एकजीव झालेली. तिच्या वाटेला जाऊ नका. इडली घ्या.

ट्रॅव्हल डेस्कची गाडी हा दुसरा सापळा. पन्हाळा साधारण २० किलोमीटर, जोतिबा त्याच बाजूला. दोन्ही करून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत परत येता. डेस्कवाला हे ‘आउटस्टेशन’ धरतो, म्हणजे दिवसाला किमान ३०० किलोमीटरचा दर आणि वर ड्रायव्हरचा भत्ता. ‘लोकल, आठ तास ऐंशी किलोमीटर’ असं स्पष्ट मागा, टोल-पार्किंग कुणाचं तेही ठरवा. रविवारी जोतिबा टाळा, आणि चैत्र पौर्णिमेला तर त्या रस्त्याचं नावच काढू नका. एकटे-दुकटे असाल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरा. न्यू पॅलेस, रंकाळा हे सगळं सोपं आहे, त्याला सल्ला लागत नाही.

अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर ‘प्री-ऑथ’ करायला सांगा. त्यात पैसे नुसते अडकतात, कापले जात नाहीत. यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने दिलेली अनामत परत यायला आठवडा घेते आणि तोवर तुम्ही घरून फोन करत बसता. फ्रिजमध्ये आधीच काय आहे त्याचा पहिल्या दिवशी फोटो काढा. आमच्या बिलात आम्ही न उघडलेला काजूचा डबा होता, फोटो दाखवल्यावर निघाला.

शेवटच्या रात्री नऊच्या सुमाराला खाली जाऊन आतापर्यंतचं बिल छापून घ्या. सकाळी अकराला काउंटरवर दहा माणसं असतात, टॅक्सी दारात असते आणि कुणी ओळी वाचत नाही. रात्री शांतपणे चार ठिकाणी बघा: टॅक्सचा टक्का (सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे छापतात, ९ आणि ९ दिसले की ते १८), तिसऱ्याचा नाश्ता, रूम सर्व्हिसचा ट्रे चार्ज, कपड्यांची इस्त्री. चूक असेल तर रात्रीच दुरुस्त होते, कारण सकाळी इनव्हॉइस एकदा छापला की पुढे ‘अकाउंट्सशी बोलतो, मेल करा’. जीएसटी नंबर टाकायचा असेल तर तोही रात्रीच द्या.

रात्रीच्या महालक्ष्मीने परत जाणार असाल तर लेट चेक-आउटचे पैसे भरू नका. सामान पुन्हा बेल डेस्कला, आणि तुम्ही कोल्हापुरी चपलांच्या दुकानांत, चप्पल लाइनला.